अंगणातली मॅटाडोर आणि मोडीचा हिशेब

कोल्हापुरात 'गुजरी' म्हटले की सोन्याचांदीच्या पेढ्या डोळ्यांसमोर येतात. आपल्याकडे कन्नडमध्ये 'गुजरी' म्हटले की गंजके पत्रे, फुटक्या बादल्या आणि मोडक्या सायकली. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या अंतरात सोन्याचे भंगार होते! घरात दोन्ही भाषा बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना अशा शब्दांची गंमत वाटते. मला मात्र हा शब्द चांगलाच महाग पडला. भंगार विकले की चार पैसे हातात येतात, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. २०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही आमची जुनी मॅटाडोर गुजरीत काढली आणि खिशातले दहा हजार सहाशे चाळीस रुपये घालवून बसलो. हे असे कसे झाले, त्याचा हा हिशेब. अनेकांच्या अंगणात, गोठ्यात, शेताच्या बांधावर अशी एखादी गाडी उभी असेल. त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून लिहितो आहे.

फिरते घर

आमच्या अप्पांचे उद्यमबागेत लेथचे छोटे वर्कशॉप होते. १९९१ सालची ही मॅटाडोर त्यांनी दोन वर्षांनी एका ओळखीच्या माणसाकडून घेतली. पुण्याजवळच्या आकुर्डीत बजाज टेम्पोच्या कारखान्यात ती जन्मली. १९५८ साली फिरोदियांनी एका जर्मन कंपनीच्या सहकार्याने सुरू केलेली ही कंपनी. 'टेम्पो' हे त्या जर्मन कंपनीचे नाव आपल्याकडे इतके रुजले की मराठीत आणि कन्नडमध्ये मालगाडीलाच लोक टेम्पो म्हणू लागले. मॅटाडोरचेही तसेच झाले. २००५ साली कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. पण लोकांच्या तोंडातून जुने नाव काही गेले नाही.

आठवडाभर ती अप्पांची आणि कामगारांची ने-आण करी. सुटी लागली की तिचे घर होई. अप्पांनी मागची दोन बाकडी काढून बिजागरीची फळी स्वतः बसवली होती. दिवसा बाक, रात्री पलंग. दाराजवळ स्टोव्हसाठी पत्र्याची पेटी, खिडक्यांना आईच्या जुन्या लुगड्यांचे पडदे. सौंदत्तीची यल्लमा, पंढरपूर, गोकर्ण, बदामीची बनशंकरी असे सगळे देव आम्ही या गाडीतून पाहिले. आईचे माहेर हुक्केरी तालुक्यातले. माहेराहून निघताना आजी खिडकीतून रोट्यांचे गाठोडे आत सरकवायची आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत कन्नडमधून सूचना देत राहायची.

जानेवारी २०१० मध्ये अप्पा गेले. गाडी मागच्या अंगणात फणसाखाली लावलेली होती, ती तिथेच राहिली. पंधरा वर्षांची मुदत २००६ मध्ये संपल्यावर अप्पांनी नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली होती. तीही २०११ मध्ये संपली. कुणाच्या लक्षातही आले नाही.

खरे सांगायचे तर, लक्षात आले होते. पण त्याच वर्षी वर्कशॉप विकले आणि आलेल्या पैशांच्या वाटणीवरून दादाचे आणि माझे बिनसले. दादा पुण्याला असतो. लग्नकार्यात भेट झाली तर 'कसा आहेस', 'बरा आहे', एवढेच. गाडी अप्पांच्या नावावर, म्हणजे तिच्याबद्दल काहीही करायचे तर दोघांनी बोलायला हवे. बोलायचे नव्हते, म्हणून गाडी उभी होती. २०१३ मध्ये मी मागच्या कुंपणाला पक्की भिंत घातली आणि मोठ्या फाटकाच्या जागी स्कूटर जाईल एवढे चार फुटांचे दार ठेवले. गाडी आत कोंडली गेली, हे मला भिंत वाळल्यावर सुचले.

आई मात्र दर खंडेनवमीला गाडीच्या काचेवर हळदीकुंकू लावी आणि आरशाला झेंडूची माळ घाली. शेजारच्या अक्का कधीतरी भिंतीपलीकडून विचारत, "सर, आ गाडी यावाग तगीतीरी?" मी उत्तर शोधेपर्यंत आईच सांगून टाके, "नम्मवर गाडी री अदु, इरली." आमच्या माणसाची गाडी आहे, राहू दे. एवढ्यावर विषय संपे.

टायरातले पाणी

२०२४ च्या ऑगस्टमध्ये अक्कांच्या सहा वर्षांच्या नातवाला डेंगी झाला. चार दिवस ताप उतरेना, प्लेटलेट घसरल्या, दवाखान्यात ठेवावे लागले. त्याच आठवड्यात आशा कार्यकर्ती गल्लीत घरोघरी पाहणी करत आल्या. आमच्या मागच्या अंगणात आल्यावर त्या सरळ मॅटाडोरकडे गेल्या. टपावर ठेवलेल्या जुन्या टायरात हात घालून त्यांनी वाटीभर पाणी काढले आणि मला दाखवले. पाणी स्वच्छ होते. त्यात बारीक अळ्या वळवळत होत्या.

डेंगीचा डास गटारात नव्हे, अशा साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो, हे मी वर्गात मुलांना सांगितलेले आहे. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी कोरड्या टायरात काही महिने टिकतात आणि पहिल्या पावसाबरोबर जिवंत होतात. टायर हे तर त्याचे आवडते घर, कारण कसेही ठेवले तरी त्यात पाणी अडकते आणि आत सावली असते. हे सगळे माहीत असलेल्या माणसाच्या अंगणात तो टायर चौदा पावसाळे पडून होता.

अक्कांच्या नातवाला चावलेला डास आमच्याच टायरातला होता का, हे कुणी सांगू शकत नाही. अक्का तसे एका शब्दानेही बोलल्या नाहीत. मुलगा बरा होऊन घरी आला तेव्हा त्यांनी आमच्याकडे पेढेही पाठवले. ते पेढे मला गिळवेनात. पुढच्याच महिन्यात, सप्टेंबर २०२४ मध्ये, कर्नाटक सरकारने डेंगीला साथरोग म्हणून जाहीर केले आणि डासांची पैदास होऊ देणाऱ्या जागामालकांना दंडाची तरतूद केली. मला दंड झाला नाही. पण गाडी काढायची, हे त्या पेढ्यांच्या दिवशीच ठरले होते.

अठरा हजारांचा मोह

पहिला आला तो गुजरीवाला. गाडीभोवती एक फेरी मारली, चेसिसला पायाने ठोकले आणि म्हणाला, "अठरा हजार देतो, सर. रोख. इथंच गॅसनं कापतो, तुकडे करून नेतो. भिंतीला हात लावायला नको. कागद नको, काही नको."

कागद नको, हेच मला खटकले. गाडी कापली गेली तरी सरकारी दप्तरात ती अप्पांच्या नावावर जिवंतच राहणार. मोडीत निघालेल्या गाडीची नंबरपाटी किंवा चेसिस नंबर दुसऱ्या गाडीला लावून ती रस्त्यावर फिरवण्याचे प्रकार होतात. तशा गाडीने अपघात केला तर पोलीस नोंदीतल्या मालकाच्या दारात येतात. चौदा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या नावाने नोटीस यावी आणि ती आईने दारात सही करून घ्यावी, हे चित्र डोळ्यांसमोर आले. शिवाय अंगणात गाडी कापली की डिझेल आणि ऑइल जमिनीत मुरणार. पंधरा पावलांवर आमची विहीर आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवून नोंदणीपुस्तक जमा करायचे असते. हा नियम जुनाच, १९८८ च्या कायद्यातला. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने गाडी मोडीत काढणाऱ्या केंद्रांसाठी वेगळे नियम केले. सरकारकडे नोंदलेल्या केंद्रात गाडी दिली की ते आधी जमा केल्याचे प्रमाणपत्र देतात आणि गाडी मोडल्यावर मोडीचे प्रमाणपत्र देतात. गाडीची नोंद 'वाहन' या देशभरच्या संगणकीय नोंदवहीतून रद्द होते. मुदत संपलेली गाडीही त्यांना चालते. पैसे बँक खात्यात येतात.

मी असे केंद्र शोधले. ते दुसऱ्या जिल्ह्यात निघाले. फोनवर भाव कळला, किलोला बावीस रुपये. लागणाऱ्या कागदांची यादीही कळली आणि मी मटकन खाली बसलो.

मोडीसाठी वंशवृक्ष

नोंदणीपुस्तक अप्पांच्या नावावर. म्हणून त्यांचा मृत्यूचा दाखला हवा. गाडी देणारा वारस आहे याचा पुरावा हवा, म्हणजे नाडकचेरीतून वंशवृक्षाचे प्रमाणपत्र. आणि बाकीच्या वारसांनी नोटरीसमोर केलेले ना-हरकत पत्र. आई, धारवाडची बहीण आणि दादा. मराठीत आणि कन्नडमध्ये 'वंशवृक्ष' हा शब्द सारखाच. पण गंजलेला पत्रा विकायला घराण्याचे झाड काढावे लागेल, असे मला कधी वाटले नव्हते.

त्यात आणखी एक गाठ होती. आमच्या गाडीचा नंबर केए-२२ चाच, पण तिची नोंद कागदी रजिस्टरात राहिली होती, संगणकात चढलीच नव्हती. संगणकात नाही ती गाडी केंद्राला घेता येत नाही. नोंदणी कार्यालयात अर्ज करून जुनी नोंद संगणकात चढवून घ्यावी लागली. त्यासाठी तीन फेऱ्या झाल्या. मूळ नोंदणीपुस्तक आईने गणपतीच्या फोटोमागे जपून ठेवले होते म्हणून तीनच. ते हरवलेले असते तर आधी पोलिसांत तक्रार, मग दुसरी प्रत, असा वेगळाच प्रवास झाला असता.

बहिणीची सही एका दिवसात आली. दादाला मी मोबाइलवर निरोप पाठवला. तो वाचल्याची खूण आली, उत्तर आले नाही. आठ दिवसांनी पुन्हा पाठवला. शेवटी आईने फोन केला. काय बोलली ते मी दारातून ऐकले. "तुमचं तुम्ही बघा. पण त्यांचं नाव त्या गंजावर राहायला नको."

दादा शनिवारी सकाळी रात्रीच्या बसने आला. चहा न घेता थेट मागे गेला. गाजरगवत त्याच्या कमरेपर्यंत आले होते. गाडीपासून दोन हातांवर तो थांबला आणि बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "एवढी लहान होती काय रे ही?"

मी काही बोललो नाही. त्याची नजर भिंतीकडे गेली. "आणि ही भिंत कुणी घातली? आता काढणार कशी?"

"मी घातली," म्हटले.

"म्हणजे कोंडलीस."

चौदा वर्षांतले आमचे हे सर्वांत मोठे संभाषण. दुपारी नोटरीकडे सही झाली. संध्याकाळच्या बसने तो परत गेला.

आधी सफाई, मग गाडी

गाडी उचलण्याआधी तिच्याभोवतीची जागा मोकळी करावी लागते, आणि खर्चाचा मोठा भाग इथेच असतो. चौदा वर्षांत घाणेरीची जाळी दारांच्या फटींतून आत शिरली होती. बाहेर सगळे गाजरगवत. कन्नडमध्ये त्याला काँग्रेस गिड म्हणतात. ते उपटताना उघड्या हाताने उपटू नये. अंगावर चट्टे उठतात, दम्याच्या माणसाला त्रास होतो. फुले येण्याआधी, पावसानंतरच्या ओल्या जमिनीतून मुळासकट काढलेले बरे. हातमोजे आणि तोंडाला फडके बांधूनच मजूर लावले.

पहिल्याच दिवशी मागच्या फळीखाली हातभर लांब कात निघाली. काम थांबवून सर्पमित्राला बोलावले. त्याने टॉर्च मारून सांगितले, धामण आहे, बिनविषारी, उंदरांसाठी आली आहे. पण घोणस नसेलच असे नाही, म्हणून झुडूप काठीने हलवल्याशिवाय हात घालू नका. धामण त्याने पिशवीत घालून नेली. पैसे घेतले नाहीत. आई म्हणाली, "राखण होती म्हणायची."

गाडीखालची माती काळी आणि चिकट झाली होती. इंजिनाचे ऑइल वर्षानुवर्षे थेंब-थेंब गळत होते. आमच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना विचारले. ते म्हणाले, ही माती नाल्यात किंवा विहिरीच्या बाजूला टाकू नका. विहिरीपासून लांबच्या कोपऱ्यात जाड प्लास्टिकवर पसरा, तिच्यात शेणखत आणि लाकडाचा भुसा मिसळा, ओलसर ठेवा, महिन्याला एकदा खालीवर करा आणि पावसाळ्यात झाका. मातीतले सूक्ष्मजीव तेल हळूहळू खाऊन टाकतात. त्या मातीत भाजी मात्र लावू नका. तसे केले. फुटाभर खोल माती निघाली.

जुन्या गाडीचे ब्रेक ठोकून किंवा खरवडून काढू नयेत, हेही त्यांनीच सांगितले. पूर्वीच्या ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसात जाते ती निघत नाही.

गल्लीतून हवेत

गाडी ढकलत बाहेर नेऊ, असा माझा अंदाज होता. तो साफ चुकला. टायर कुजून रिमला चिकटले होते, ब्रेक ड्रममध्ये धरले होते, एक चाक हलायला तयार नव्हते. मागची भिंत बारा फूट फोडली. हायड्रा आला. चालकाने आधी चेसिस नीट तपासला. गंजलेल्या गाडीला साखळी लावून ओढले तर ती मधूनच तुटते, म्हणून कापडी पट्टे दोन्ही आसांखालून घालायचे असतात. गाडी उचलली तेव्हा करकर आवाज झाला आणि खालून मातीची ढेकळे पडली.

ट्रेलर आमच्या गल्लीत शिरत नव्हता. तो तोंडाशी उभा होता. म्हणून हायड्रा गाडी तशीच लटकवून गल्लीतून निघाला, माणसाच्या चालीने. लोक दारादारांत उभे होते. अक्कांचा नातू गच्चीवरून ओरडत होता, "अज्जी, गाडी हारतद!" गाडी उडतेय म्हणून तो टाळ्या पिटत होता. आई भिंतीच्या भगदाडात उभी होती. निघण्याआधी तिने काचेवर कुंकू लावले होते. गाडी वळणाआड गेल्यावर ती आत गेली आणि दुपारी जेवली नाही.

ट्रेलरबरोबर मी गेलो. केंद्रावर आधी वजन झाले, एक टन एकशे ऐंशी किलो. मग कागद तपासले, चेसिस नंबर पुस्तकाशी जुळवला. टाकीतले डिझेल, इंजिनाचे ऑइल, ब्रेकचे ऑइल वेगवेगळ्या पिंपांत काढले. पत्रा, बिडाचे इंजिन, तांब्याची तार, काच, रबर असे सगळे निराळे. चेसिस नंबरचा तुकडा कापून वेगळा ठेवला. तिथल्या माणसाला विचारले, हे बीड कुठे जाते? म्हणाला, "फौंड्रीत. तुमच्या बेळगावातही जात असेल." अप्पांनी आयुष्यभर उद्यमबागेतल्या फौंड्र्यांचे कास्टिंग लेथवर कातले होते. मला बरे वाटले.

खर्च आणि जमा

आता आकडे. हे आमच्या एका घराचे आहेत. तुमच्याकडे अंतर, रस्ता आणि गाडीप्रमाणे कमीजास्त होतील.

कागदपत्रे, मुद्रांक, नोटरी आणि फेऱ्या : २,१०० रुपये
झाडझुडूप काढणे, तीन मजूर दोन दिवस : ४,२०० रुपये
हायड्रा : ३,००० रुपये
ट्रेलरचे भाडे : ११,५०० रुपये
भिंत फोडणे व पुन्हा बांधणे : ७,४०० रुपये
मुळे काढून जमीन सपाट करायला जेसीबी, तीन तास : ३,६०० रुपये
राडारोडा नेणाऱ्या ट्रॉलीच्या चार खेपा : ३,६०० रुपये
तांबडी माती व शेणखत : २,६०० रुपये
एकूण खर्च : ३८,००० रुपये

जमा बाजूला गाडीचे २५,९६० रुपये आणि २०११ मध्येच काढून ओसरीत ठेवलेल्या बॅटरीचे १,४०० रुपये. बॅटरीत शिसे आणि आम्ल असते. ती फोडायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही, नवीन बॅटरी विकणाऱ्या दुकानातच द्यायची. एकूण जमा २७,३६० रुपये. पदरचे गेले १०,६४०.

गुजरीवाल्याला अठरा हजारांत दिली असती तर कागद, हायड्रा आणि ट्रेलर वाचला असता, भिंतही फोडावी लागली नसती. झुडूप, जेसीबी, ट्रॉली, माती मिळून चौदा हजार खर्च होऊन, बॅटरीचे पैसे धरून, वर पाच हजार चारशे रुपये हातात उरले असते. म्हणजे रीतसर मार्गाने जाण्याची किंमत १६,०४० रुपये. पण त्यातले ७,४०० एकट्या भिंतीचे आहेत. ते कायद्याने लावलेले नाहीत, मी स्वतः लावून घेतलेले आहेत. झुडपाचे, जेसीबीचे आणि बिघडलेल्या मातीचे पैसेही गाडीचे नव्हेत. ते चौदा वर्षांच्या चालढकलीचे आहेत. २०११ मध्ये, नोंदणीची मुदत संपली तेव्हा, गाडी चालू होती, फाटक मोठे होते, जमीन स्वच्छ होती. त्या वेळी दोघे भाऊ तासभर बोललो असतो तर अप्पांची गाडी चालत गेली असती आणि घरात पैसे आले असते.

एवढे लक्षात ठेवा

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी आधी नोंदणीपुस्तक शोधावे. त्यावर बँकेच्या कर्जाची नोंद राहिली असेल तर बँकेचा दाखला घेऊन ती आधी काढावी. गाडी संगणकातल्या नोंदवहीत आहे का, हे पाहून घ्यावे. मालक हयात असतील तर हे काम त्यांच्या हयातीतच करावे. एका सहीत होते ते नंतर चार सह्यांचे होते. केंद्राने दिलेली प्रमाणपत्रे जपून ठेवावीत. नवी गाडी घ्यायची असेल तर जमा केल्याच्या प्रमाणपत्रावर नोंदणी शुल्क माफ होते. खासगी गाडीच्या करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राने केली आहे, प्रत्यक्ष किती मिळते ते आपल्या राज्यात विचारावे. आणि गाडी काढणे जमत नसेल तोवर निदान टायर तरी आजच छपराखाली घ्यावेत. त्याला वंशवृक्ष लागत नाही.

उरलेली जागा

सगळे झाल्यावर मी हिशेबाचा कागद दादाला पाठवला. वाद नको म्हणून पै-पैचा. भिंतीचे पैसेही लपवले नाहीत. त्याचे उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या खात्यात ५,३२० रुपये जमा झाले, बरोबर निम्मे. बहिणीकडून काही घ्यायचे नाही, हे आम्ही दोघांनीही न बोलता ठरवले होते. भिंतीचे पैसे त्याने वजा करायला हवे होते, असे मला वाटले. त्याने केले नाहीत.

आठवड्याने त्याचा फोन आला. अप्पा गेल्यानंतर त्याने मला आपणहून केलेला हा पहिलाच फोन.

"मागं काय लावलंस?"

"अजून काही नाही. माती बसू दे म्हटलं."

"पूर्वी तिथं आई दोडका लावायची."

"रसायनवाले म्हणतात त्या जागेत भाजी नको."

"मग फूलझाडं लाव. झेंडू लाव."

२०२५ च्या पावसाळ्यात झेंडू लावला. बरा आला. खंडेनवमीला आईने परडीभर फुले तोडली. मॅटाडोर नव्हती, म्हणून एक माळ माझ्या स्कूटरला घातली, एक विळीला आणि एक भिंतीपलीकडे अक्कांच्या हातात दिली. त्यांच्याकडे आयुधपूजेला नातवाची नवी सायकल होती.